पोटुशी बदक, नंबर ९९२

चांदी अशी वागू शकते हे मला आजवर कुणी सांगितलं का नाही? आपल्याकडे चांदी म्हणजे निरांजन, अत्तरदाणी, बाळाची वाटी, पैंजण. फार तर सराफाच्या काचेआडचा नक्षीदार तांब्या, ज्याच्यावर वेलबुट्टी इतकी की धातू शोधावा लागतो! आणि एके दिवशी एका लिलावाच्या कॅटलॉगचं पान उलटावं तर समोर हा! सुमारे २९ सेंटिमीटर उंचीचा जग. पोट पुढे काढलेलं, ओठ वर उघडलेला, आणि कान असा की तो नंतर लावला असेल यावर विश्वासच बसू नये. पागोळीवरून सुटायच्या बेतात आलेला थेंब असतो ना, तसं ते पोट जड होऊन खाली ओथंबलंय. नक्षी शून्य. कडेला साधी रेघसुद्धा नाही.

डेन्मार्कमध्ये याला लाडानं 'पोटुशी बदक' म्हणतात. बघा, एकदा हे नाव कानावर पडलं की दुसरं काही दिसतच नाही! कागदोपत्री मात्र तो कोपनहेगनच्या जॉर्ज जेन्सन या पेढीचा नमुना क्रमांक ९९२ आहे, साल १९५२, रचनाकार हेनिंग कोपेल.

कोपेल मुळात चांदीकाम करणारा नव्हताच. तो शिल्पकार. १९१८ साली कोपनहेगनमध्ये जन्मला, तिथल्या अकादमीत शिल्पकला शिकला, मग थोडं पॅरिस. घराणं ज्यू. १९४३ मध्ये जर्मनांनी डेन्मार्कमधल्या ज्यूंची धरपकड सुरू केली, तेव्हा हजारो ज्यू होड्यांतून शेजारच्या स्वीडनला निसटले. कोपेललाही त्या वर्षी स्वीडनचाच आसरा घ्यावा लागला. युद्ध संपल्यावर १९४५ मध्ये तो परतला आणि जेन्सनकडे रुजू झाला. आधी दागिने केले. हाडांचे मणके किंवा अमीबा एकमेकांत अडकवावेत तशा कड्यांची त्याची ब्रेसलेट बघाच, मी तर त्यांच्यावरही लट्टू झालेय. पण मोठी भांडी हातात आली आणि आतला शिल्पकार मोकळा सुटला. तो आकार आधी मातीत करायचा. बोटांनी दाबून, फुगवून, खरवडून, पोट मनासारखं भरेपर्यंत. त्यानंतर गोष्ट कारागिरांच्या हाती.

आणि इथेच मला वेड लागायची पाळी आली! एखादं गोल भांडं यंत्रावर फिरवून, दाब देऊन काढता येतं. हे वरून पाहिलं तर कुठेच गोल नाही, म्हणजे ते चरकावर निघणार नाही. त्यामुळे चांदीचा सपाट पत्रा घ्यायचा आणि हातोड्यानं ठोकत ठोकत उठवायचा. ठोकलं की चांदी कडक होते, मग तापवून मऊ करायची, पुन्हा ठोकायची, पुन्हा तापवायची. घाई केली की पत्रा तडकला. पुण्याच्या तांबट आळीतून कधी गेला असाल तर ती ठकठक तुमच्या ओळखीची आहे. पण आपले तांबट शेवटी मठारकाम करतात, म्हणजे हातोड्याचे ठसे हाच भांड्याचा शृंगार. कोपेलच्या जगावर एकही ठसा नाही! असंख्य घाव घालायचे आणि मग प्रत्येक घाव पुसून टाकायचा. ज्यांनी पुसला त्यांची नावं भांड्यावर नसतात, हे मला जरा खटकतं.

यातली गंमत अशी की खुद्द जेन्सनची जुनी चांदी अशी नव्हतीच. १९०४ मध्ये कोपनहेगनला दुकान थाटणाऱ्या जॉर्ज जेन्सनला द्राक्षांचे घड, कळ्या, पानं आवडायची, आणि हातोड्याची हलकी खूण तो मुद्दाम राहू द्यायचा. मलाही ते देखणं वाटतं, नाही असं नाही. पण जेन्सन १९३५ मध्ये गेला, आणि पुढे त्याच पेढीत या पोरानं सगळे घड छाटून टाकले. मग या जगाला सजावट कुठली? तर खोलीची! खिडकी, टेबलाची कड, जवळ येणारा माणूस, सगळं त्या पोटावर वाकून, ताणून, घसरून जातं. तुम्ही हललात की नक्षी बदलली.

लोकांनाही हे फार उशिरा कळलं असं नाही. मिलानच्या त्रिवार्षिक प्रदर्शनात कोपेलला १९५१, १९५४ आणि १९५७ अशी तीनदा सुवर्णपदकं मिळाली, १९५३ मध्ये लुनिंग पुरस्कार. उशीर झाला तो मला!

आता संग्राहकांची ती बुडाशी पाहायची सवय मलाही लागलीय. जग उलटा केला की ठिपक्यांच्या लंबगोलात 'जॉर्ज जेन्सन' अशी मुद्रा. हा ठिपक्यांचा लंबगोल १९४५ नंतरचा, त्याआधीच्या मुद्रा वेगळ्या. सोबत 'स्टर्लिंग', म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी, देशाचं नाव, नमुना क्रमांक आणि कोपेलची आद्याक्षरं. किमतीच्या रकान्यावर मी अंगठा ठेवते. तो आकडा आपल्यासारख्यांनी वाचायचा नसतो.

शिवाय आता बदक मागे पडलंय, कारण मला कोपेलचं माशाचं ताट सापडलंय! १९५४ चं, नमुना क्रमांक १०२६, झाकणासकट, लांबी जवळपास ६८ सेंटिमीटर. आख्खा मासा आडवा मावेल असं, आणि झाकण असं की आतला मासाच वर येऊन वळलाय. एवढ्या लांबीचं झाकण एवढ्या लांबीच्या ताटावर कुठेही फट न ठेवता बसवायचं, तेही हातोड्यानं! कसं बसवलं असेल? कुणाला माहीत असेल तर मला आज रात्रीच सांगा, उद्यापर्यंत थांबवत नाही.