सागाचं देणं

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर हार्टलपूल नावाचं गाव आहे. तिथल्या गोदीत मुंबईत बांधलेलं एक जहाज आजही तरंगतं आहे. त्याचं नाव त्रिंकोमाली. १८१७ साली जमशेटजी बमनजी वाडियांच्या देखरेखीखाली ते मुंबईच्या गोदीतून पाण्यात उतरलं, आणि ते बांधलं होतं मलबारच्या सागवानात. नेपोलियनशी वर्षानुवर्षं लढताना ब्रिटनमधला जहाजाच्या लायकीचा ओक संपत आला होता, म्हणून आरमाराला आपल्याकडच्या सागाचा आधार घ्यावा लागला. हे जहाज १९८७ मध्ये मोडकळीला आलेल्या अवस्थेत हार्टलपूलला आणलं गेलं. पुढे त्याची दुरुस्ती सुरू झाली, ती २००१ पर्यंत चालली. त्या दुरुस्तीला ज्यांचा हात लागला होता, असे एक सुतार आमच्या शेजारी राहत. इथल्या रिवाजाप्रमाणे मी त्यांना नावानं हाक मारत असे. माझी मुलगी मात्र पहिल्या दिवसापासून त्यांना आजोबा म्हणायची. त्या आजोबांचं माझ्यावर जे ऋण आहे, ते सांगण्यासाठी हे लिहिते आहे.

माझे वडील वनखात्यात होते. माझं बालपण आलापल्लीच्या सागाच्या जंगलाजवळ गेलं. उन्हाळ्यात रोपवाटिकेत बाबांची जी लगबग चाले, ती मला अजून आठवते. सागाचं फळ टणक. नुसतं मातीत घातलं तर महिनोन् महिने ढिम्म पडून राहतं. म्हणून ते रात्रभर पाण्यात भिजवायचं, दिवसा उन्हात वाळवायचं, पुन्हा भिजवायचं, पुन्हा वाळवायचं. मग गादीवाफ्यात टाकायचं. बाबा ही कामं मजुरांवर सोडून देत नसत. स्वतः उकिडवे बसून फळं उलथीपालथी करत.

बाबा गेले तेव्हा मी हार्टलपूलला होते, आणि अंत्यविधीला वेळेवर पोचू शकले नाही. दिवस झाल्यावर परत आले, तेव्हा आजोबा दारात आले. सांत्वनाचे ठरीव शब्द त्यांनी उच्चारले नाहीत. आत येऊन बसले आणि म्हणाले, “तुझे वडील काय काम करायचे, ते सांग मला.” मी सागाच्या रोपवाटिकेचं सांगितलं. ते बराच वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, “मी उमेदवारी करत होतो, तेव्हाच इथला जहाजांचा कारखाना बंद पडला. पुढे कितीतरी वर्षं मिळेल ते काम केलं. हातात पुन्हा रंधा आला तो तुमच्या सागामुळे. त्या जहाजानं माझं घर चालवलं, पेट. मी त्या लाकडाचं देणं लागतो.”

इथले वडीलधारे लोक मायेनं ‘पेट’ म्हणतात. त्या दिवसांत मला घरातलं कुणी हाक मारतंय असं वाटलं, ते त्या एका शब्दानं.

तो ऑक्टोबर महिना होता. पुढच्या रविवारी ते मला आणि माझ्या मुलीला एका जुन्या ओकखाली घेऊन गेले. जमिनीवर त्याच्या फळांचा सडा पडला होता. इथे त्यांना एकॉर्न म्हणतात. आजोबांच्या परसात ओकची तयार रोपं होती. त्यातलं एखादं उचलून मला देणं त्यांना सोपं होतं. पण त्यांनी दिलं नाही. माझ्या हातात त्यांनी रिकामी पिशवी दिली आणि स्वतः शेजारी उकिडवे बसले. वयाप्रमाणे त्यांचे गुडघे दुखत होते, तरी बसले.

ओकचं फळ सागाच्या अगदी उलट, हे त्यांनी मला पहिल्यांदा शिकवलं. सागाच्या फळाला वाळवावं लागतं. ओकचं फळ वाळलं की मेलं. म्हणून गोळा केलेली फळं त्याच दिवशी पाण्यात टाकायची. बुडतील ती घ्यायची, तरंगतील ती टाकायची. बारीक गोल भोक दिसलं, तर आत भुंग्याच्या अळीनं घर केलं होतं असं समजायचं. निवडलेली फळं लगेच लावायची, आणि खोल कुंडीतच लावायची. कारण ओक आधी खाली जातो. शरद ऋतूतच फळाच्या टोकाकडून मूळ बाहेर पडतं आणि सरळ तळाकडे धाव घेतं. वर मात्र एप्रिल-मेपर्यंत काहीही दिसत नाही. डाळिंब्या मातीतच राहतात आणि तिथूनच रोपाला पोसतात.

आम्ही फळं आडवी ठेवली, दोन-तीन सेंटिमीटर माती लोटली. त्या मातीत आजोबांनी जुन्या ओकखालची ओंजळभर माती मिसळली. ओकच्या मुळांशी नातं जोडणारी बुरशी तिच्यासोबत येते आणि रोपाला पाणी नि क्षार मिळवून देते. कुंड्यांवर तारेची जाळी बांधली, कारण खारींना आणि उंदरांना या फळांचा वास बरोबर लागतो. कुंड्या घरात न्यायच्या नाहीत, हिवाळा त्यांनी बाहेरच काढायचा. “आणि उकरून बघायचं नाही,” असं माझ्या मुलीला त्यांनी बजावलं.

तो हिवाळा माझ्यासाठी जड होता. दुपारी चारच्या आधी अंधार पडे. पण रोज सकाळी त्या कुंड्यांपाशी जाऊन ओल बघायची, एवढं एक काम माझ्या हातांना होतं, आणि ते माझ्या बाबांचं काम होतं. दुःखात माणसाला काय लागतं, हे आजोबांनी बरोबर ओळखलं होतं. वसंतात तांबूस कोंब वर आले. नंतर दुमडलेली, नागमोडी कडांची पानं उलगडली. उन्हाळ्याच्या अखेरीस त्यांच्यावर पांढरी भुरी आली, तेव्हा मी घाबरले. आजोबा म्हणाले, “लहान ओकांना येते ती. हवा खेळती ठेव, पाणी मुळाशी घाल.” रोपं तगली. मूळ कुंडीत गोल फिरायच्या आत, पानं गळलेली असताना, ती जमिनीत गेली पाहिजेत, असं आजोबा सांगत. बाबाही पिशवीतल्या रोपांच्या मुळांविषयी हेच सांगत. दोन वेगळ्या देशांतल्या, एकमेकांना कधीही न भेटलेल्या दोन माणसांकडून मी तेच वाक्य ऐकत होते.

फिरायला जाताना आजोबांच्या कोटाच्या खिशात चार-दोन फळं असतच. जवळच्याच न्यूकॅसलमध्ये जन्मलेल्या ॲडमिरल कॉलिंगवुडची गोष्ट ते त्यावरून सांगत. १८०५ साली ट्रफाल्गरच्या लढाईत नेल्सन पडल्यावर ज्यानं आरमाराची सूत्रं हाती घेतली, तो हा सेनानी. रजेवर घरी आला की तो खिसे भरून ओकची फळं घेऊन हिंडे आणि जागा दिसेल तिथे मातीत दाबे, पुढच्या काळात जहाजांना लाकूड मिळावं म्हणून. ते ओक मोठे होईपर्यंत जहाजं लोखंडाची झाली. झाडं मात्र कामाला आलीच. ब्रिटनमध्ये ओकच्या आश्रयानं २,३०० हून अधिक जातींचे जीव राहतात: कीटक, पक्षी, शेवाळी, बुरशी.

सागाच्या देण्याविषयी मी एकदा त्यांच्याशी स्पष्ट बोलले. मलबारचं सागवान कुणी प्रेमानं दिलेलं नव्हतं. ईस्ट इंडिया कंपनीनं १८०६ मध्ये तिथल्या जंगलावर आपला अधिकारी नेमला आणि सागावर मक्ता बसवला. जंगलं इतकी ओरबाडली गेली की १८४० च्या दशकात मलबारमधल्या निलंबूरला बियांपासून साग वाढवायला सुरुवात करावी लागली. कलेक्टर कॉनोलीच्या काळातली ती लागवड प्रत्यक्षात उभी केली चातू मेनन यांनी. त्यांचं नाव बाबा फार आदरानं घेत. आजोबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “म्हणजे माझ्यावरचं देणं मला वाटलं त्याहून मोठं आहे.” त्यांनी वाद घातला नाही, सारवासारव केली नाही. माझा त्यांच्याविषयीचा आदर त्या दिवशी दुणावला.

आता आजोबा नाहीत. आम्ही मिळून वाढवलेली रोपं घरापासून दूर, एका शेताच्या बांधावर, शेतमालकाच्या परवानगीनं लावली आहेत. त्यांना फळं धरायला चाळीसेक वर्षं लागतील. तोवर जुन्या झाडांची फळं आहेतच.

आपल्याकडे माणूस तीन ऋणं घेऊन जन्मतो म्हणतात. त्यांतलं ऋषिऋण विद्या शिकून आणि शिकवून फेडायचं असतं. आजोबांना ऋषी म्हटलेलं त्यांना आवडलं नसतं, पण माझ्यापुरते ते होते. बाबांच्या जाण्यानं थांबलेलं शिक्षण त्यांनी दुसऱ्या झाडावर पुढे चालू केलं. म्हणून ऑक्टोबरात माझ्याकडे गल्लीतली मुलं येतात, कधी ओळखीतली मराठी कुटुंबं येतात. काहींना वाटतं, एखादं तयार रोप मिळेल. रोप मी कुणाला देत नाही. पिशवी देते, झाडाखाली घेऊन जाते आणि शेजारी उकिडवी बसते.