डिसेंबरात येतेस, तर नंबराचं आधी ऐक

पवई, ऑक्टोबर अखेर

प्रिय मीने,

तुझा निरोप वाचला. ‘डिसेंबरात येतेय, माझ्यासाठी एक प्रीपेड नंबर घेऊन ठेव, विमानतळावरूनच तुला फोन लावते.’ किती सहज लिहिलंस गं! जणू अर्धा डझन अंडी आणि पाव आणून ठेवायचेत. बाई, नाही जमणार. नंबर हवा असेल तर तू स्वतः, सदेह, डोळे मिचकावत दुकानात उभी राहायला हवीस. डोळे मिचकावण्याचं मी गमतीनं लिहिलेलं नाही. सांगते पुढे.

तुमच्या मिनियापोलिसची रीत वेगळी. तुझ्याकडे आले होते तेव्हा टार्गेटमध्ये तूच दाखवली होतीस ती प्रीपेड फोनची पाकिटं, ओळीनं टांगलेली. एक काढायचं, पैसे द्यायचे, चालू लागायचं. ना नाव ना गाव. आपल्याकडे फोन वेगळा आणि सिम वेगळं. रिलायन्सनं २००३ साली ५०१ रुपये भरून हातात फोन दिला होता तो, किंवा २०१७चा जिओफोन, असले अपवाद सोड. फोन घ्यायला नुसते पैसे पुरतात. सिम घ्यायला मात्र अख्खा माणूस हजर करावा लागतो, कागदपत्रांसकट.

या उन्हाळ्यात ताईचा नातू आला होता सिएटलहून. जन्म तिकडचा, पासपोर्ट अमेरिकेचा, मराठी मात्र झकास. त्याला घेऊन हिरानंदानीत गेले. खांबाखांबांच्या त्या इमारतींच्या तळाशी एका कंपनीचं काचेचं दुकान आहे, तिथे. गारेगार हवा, टोकन, बसायला मऊ बाक. नंबर आला. काउंटरवरच्या मुलीनं पासपोर्ट मागितला, दिला. व्हिसा मागितला, ओसीआय कार्ड दिलं. ‘ये तो कार्ड है, व्हिसा किधर है?’ मी म्हटलं, अगं, ओसीआय म्हणजे जन्मभराचा व्हिसाच. तिला पटलं, पण तिच्या हातातल्या टॅबला पटेना. परदेशी माणसाला सिम मिळतं ते व्हिसाच्या मुदतीपुरतं, म्हणून मुदत संपायची तारीख टाकल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. जन्मभराला तारीख कुठली घालायची? शेवटी आतून एक साहेब आले, त्यांनी आणखी कुणाला तरी फोन लावला आणि काहीतरी मार्ग निघाला. काय, ते मी विचारलं नाही.

मग ‘लोकल रेफरन्स’. म्हणजे इथल्या कुणाचं तरी नाव, पत्ता आणि नंबर. मी होतेच. तुला आठवतं, आयआयटी कॅम्पसच्या क्वार्टर्समध्ये आपल्यापैकी कुणाकडेच फोन नव्हता? अर्ज करून वर्षानुवर्षं वाट बघायची, नाहीतर ‘ओवायटी’ म्हणजे ‘ओन युअर टेलिफोन’ योजनेत भरमसाट अनामत भरायची. तोवर लग्नाच्या पत्रिकेवरसुद्धा शेजारच्यांचा नंबर आणि पुढे कंसात ‘पीपी’. फोन आला की शेजारच्या काकू गॅलरीतून हाक मारायच्या. तर आता एकविसाव्या शतकात मी त्या पोराची पीपी झाले.

मग फोटो. पांढऱ्या भिंतीपुढे उभं राहायचं आणि ‘पलक झपकाइए.’ समोरचा माणूस जिवंत आहे, फोटोचा फोटो नाही, याची खात्री व्हायला हवी म्हणून. पोरानं पापण्या मिटल्या, उघडल्या. चष्म्यात ट्यूबलाइट चमकली, पुन्हा. मागून कुणी गेलं, पुन्हा. सगळं झाल्यावर सिम हातात आलं आणि कळलं की त्याच्या आयफोनला सिम घालायला खाचच नाही! अमेरिकेत विकलेल्या आयफोनला १४पासून ती नसतेच, सगळा ई-सिमचा कारभार. म्हणून तूही तुझा फोन आत्ताच उलटापालटा करून बघ. इथे त्यांनी सांगितलं, आधी हे प्लास्टिकचं सिम चालू करा, मग त्यावरून मेसेज पाठवा, मग ई-सिम मिळेल. म्हणजे खाच असलेला दुसरा फोन हवा. तो कुणाचा? माझा. माझं सिम काढून काउंटरवर ठेवलं, आणि तेवढ्यात ती मुलगी म्हणते, ‘मॅडम, आपके नंबर पे ओटीपी भेजा है.’

हसतेस ना? मीही हसले, घरी आल्यावर.

पण खरी चीड आली ती आमच्या पोळ्यावाल्या मावशींच्या वेळी. फुलेनगरात राहतात. मध्यंतरी त्यांचं रिचार्ज राहून गेलं. मुलाचं आजारपण होतं, पैसे नव्हते. नंबर बंद पडला. नवा घ्यायला निघाल्या तर आधारवर बोट लावा. वर्षानुवर्षं भांडी घासून बोटांवरच्या रेषा झिजलेल्या. मशीन लाल दिवा लावून मोकळं. दुकानातला मुलगा म्हणाला, ‘बोट कपाळावर घासा, मावशी.’ घासलं. केसांवरून फिरवलं. तरी नाहीच. मग म्हणाला, आधारवर ओटीपी मागवू. तो जाणार कुठे? बंद पडलेल्या नंबरावर! आधारवरचा नंबर बदलायचा तर केंद्रावर जा, तिथे पुन्हा बोट दाखवा. शेवटी ‘सर्व्हर डाऊन है, कल आना.’ दुसऱ्या दिवशी तेच. त्या बाईची रोजची कामं बुडतात, हे त्या सर्व्हरला कोण सांगणार?

मग मी सोबत गेले. आवाज चढवला नाही. एवढंच म्हटलं, ‘सिम देता येत नाही याचं कारण कागदावर लिहून द्या, खाली सही करा.’ मीने, सर्व्हर त्या क्षणी उठला बघ! ‘थांबा मॅडम, दुसऱ्या पद्धतीनं होतं का बघतो.’ दुसरी पद्धत होतीच. मूळ कागदपत्राचा आणि माणसाचा फोटो दुकानाच्या अ‍ॅपमध्ये काढायचा, बोटाची गरज नाही. कागदी फॉर्म १ जानेवारी २०२४पासून बंद झाले, पण कामाची ही वाट उघडी आहे. आणि आधारच हवं असा हट्ट खाजगी कंपनीला धरता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २६ सप्टेंबर २०१८लाच सांगितलंय. मावशींना हे कुणी सांगितलं नव्हतं. सांगणं हे तिथे कुणाचं कामच नव्हतं.

मला राहून राहून वाटतं, हे सगळं मुळात कुणासाठी होतं? मुंबईत मोबाइल आला तेव्हा बीपीएल आणि मॅक्सटच. आलेल्या फोनलाही पैसे पडायचे, मिनिटाला आठ ते सोळा रुपये. तो साहेबांचा खेळ होता. महिनाअखेर बिल भरणारा, पत्त्याचा, पगाराचा, पत असलेला माणूस त्यांना हवा होता. ज्याच्याकडे यातलं काहीच नाही, त्याला प्रीपेडनं आत घेतलं. आधी पैसे दे, मग बोल, उधारीचा प्रश्नच नाही. २००३ला इनकमिंग फुकट झालं आणि आयआयटी मार्केटमधल्या भाजीवाल्यापासून गवंड्यापर्यंत सगळ्यांच्या हातात फोन आला. दहा रुपयांचं रिचार्ज, नाण्यानं खरवडायचं कार्ड, पैसे संपले की मिस्ड कॉल. महिनोन्महिने एक पैसा न भरता नंबर जिवंत ठेवणारे लोक मला माहीत आहेत. दुकानदार वैतागायचे, पण नंबर त्या लोकांचाच राहायचा.

आज तोच नंबर बँक, रेशन, गॅस, शाळा, दवाखाना सगळ्यांच्या दाराची किल्ली झालाय, आणि दर महिन्याला भाडं भरून तो राखावा लागतो. महिना म्हणजे तरी काय? २८ दिवस. २८ गुणिले १३ केलेस की ३६४ होतात, म्हणजे वर्षाला बारा नव्हे, तेरा महिने भरायचे. ओरड झाली तेव्हा दूरसंचार नियामक ट्रायनं २०२२मध्ये प्रत्येक कंपनीला निदान एक ३० दिवसांचा आणि एक त्याच तारखेला नवा होणारा प्लॅन ठेवायला लावलं. ठेवलेत. पण विचारल्याखेरीज कुणी दाखवत नाही. मावशींना इंटरनेट नको, नुसतं बोलायचंय. त्यासाठीही ट्रायनं डिसेंबर २०२४मध्ये नुसत्या कॉल-मेसेजचे पॅक सक्तीचे केले. ते आले, पण बहुतेक ८४ दिवसांचे नाहीतर वर्षाचे. ज्याच्याकडे कमी पैसे आहेत त्यानंच एकदम जास्त काढायचे, असा हा हिशेब.

नियम मुळातच वाईट आहेत असं मी म्हणत नाही हं. आमच्याच सोसायटीत ‘डिजिटल अरेस्ट’चे फोन येऊन गेलेत, असले फोन पुष्कळदा भलत्याच कुणाच्या तरी नावावरच्या सिमवरून होतात. पूर्वी रस्त्याच्या कडेला छत्री लावून पोरं सिम वाटायची, कुणाचीही झेरॉक्स कुणालाही चालायची. १ डिसेंबर २०२३पासून विकणाऱ्यांचीच नोंदणी आणि पडताळणी सुरू झाली, ते बरंच झालं. पण चोर काही त्या मऊ बाकावर टोकन घेऊन बसत नाही. तो विकणाऱ्यालाच गाठतो. ‘फोटो हलला, परत एकदा’ असं म्हणत तुझ्या एका चेहऱ्यावर दोन सिमं चालू करायची, एक तुला आणि दुसरं भलत्याला. एकच चेहरा निरनिराळ्या नावांनी कुठे वापरलाय हे शोधायला दूरसंचार खात्यानं ‘अस्त्र’ नावाची यंत्रणा उभी केली ती उगाच नाही. म्हणजे चाळणीत अडकतात त्या मावशी, किंवा जेव्हीएलआरवर मेट्रो सहाच्या खांबांवर राबणारे परगावचे मजूर. त्यांच्या आधारवर पत्ता बिहारचा आणि इथे ‘लोकल रेफरन्स’ द्यायला कुणी ओळखीचं नाही. ज्यांच्यासाठी हे दार केलं होतं त्यांनाच त्यातून वाकून जावं लागतं.

आता तुझं. ‘तुझ्याच नावावर घे ना’ असं तू म्हणणार, ते मी ओळखून आहे. एका माणसाला नऊपर्यंत सिमं ठेवता येतात, पुष्कळ जण असंच पाहुण्यांना देतात. पण आता २०२३चा दूरसंचार कायदा आडवा येतो. फसवून किंवा दुसऱ्याच्या सोंगानं सिम घेतलं तर तीन वर्षांपर्यंत कैद, नाहीतर पन्नास लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तू सोंग घेणार नाहीस हे मला ठाऊक आहे, पण तुझा फोन रिक्षात राहिला आणि कुणी काही उद्योग केला, तर पहिली बेल माझ्या दाराची वाजेल. तेव्हा नाही.

तुझा तो जुना, २०१४च्या मुक्कामातला नंबरही विसर. मी लावून पाहिला. एका भल्या गृहस्थांनी उचलला आणि ‘ही मीना कोण?’ असं मलाच विचारलं. बंद झालेला नंबर किमान ९० दिवस कुणाला देत नाहीत, मग देतात. तुझ्या बँकेचे मेसेज बहुधा तेच वाचत असतील. म्हणून निघण्याआधी एक कर. तुझ्या एनआरओ खात्याला अमेरिकेचाच नंबर जोडता येतो का, ते बँकेला विचार. जानेवारी २०२३पासून अमेरिकेसह काही देशांच्या नंबरावर यूपीआय चालवायची मुभा आहे, पण प्रत्येक बँक ती देतेच असं नाही. ते जमलं तर इथला नंबर तुला फक्त रिक्षा बोलवायला आणि माझ्याशी गप्पा मारायलाच लागेल.

येताना पासपोर्ट आणि ओसीआय, दोन्ही मूळ प्रती आण, आणि सिमची खाच असलेला एखादा जुना फोन. दुकानात चष्मा काढ. फोटो दुसऱ्यांदा काढायला सांगितला तर आधीचा पुसलेला दाखवा म्हण. नंबर चालू झाला की दूरसंचार खात्याच्या ‘संचार साथी’ पोर्टलवर तुझ्या नावावर किती नंबर दिसतात ते आपण बघू, एकाहून जास्त दिसले तर तिथेच तक्रार करता येते. दुकानाच्या फेऱ्या तू पोचलीस की मग करू. तोवर घरच्या वायफायवर भागव. आणि विमानतळावरून फोन करायचाच असेल तर तिथल्या वायफायवरून व्हॉट्सअ‍ॅप कर. नाहीच लागलं, तर मी आगमनाच्या दारापाशी उभी असेनच.

एक मात्र ठरवलंय. मावशींनी त्यांच्या गल्लीत बातमी पसरवलीय, की ‘कारण लिहून द्या’ म्हटलं की सिम मिळतं. तेव्हापासून रविवारी सकाळी कुणी ना कुणी दारात उभं असतं, ‘ताई, जरा चला ना सोबत.’ जाते मी. तू आलीस की तुलाही नेईन, एक माणूस जास्त असला की काउंटरवर वजन पडतं.

तुझी,
सुलू

ता. क. अमेरिकेतून येताना बदाम आणू नकोस, इथे मिळतात.