कोरा डावा हात

मोत्सार्टच्या डी मेजर कॉन्चेर्टोचा (क्योखेल ५३७) दुसरा भाग पियानो एकटाच सुरू करतो. ऑर्केस्ट्रा गप्प असतो आणि नेमक्या त्याच जागी हस्तलिखितात डाव्या हातासाठी एकही स्वर लिहिलेला नाही. तिथेच काय, त्या संपूर्ण भागात नाही. पहिल्या भागात पियानो प्रथम बोलू लागतो तेव्हाही खालचा स्टाफ कोराच. हा कॉन्चेर्टो वाजवणाऱ्या सगळ्यांना हे ठाऊक असतं, आणि बहुतेक जण ते ठाऊक नसल्यासारखे वाजवतात.

छापील प्रतीतला डावा हात बहुधा ओफेनबाखचा प्रकाशक योहान आंद्रे याचा आहे. मोत्सार्ट गेल्यानंतर, १७९४ मध्ये, त्याने पहिली आवृत्ती काढली. सम्राट लेओपोल्ड दुसरा याच्या राज्याभिषेकाच्या वेळी संगीतकाराने स्वतः वाजवलेली कृती, असं तिच्या मुखपृष्ठावर घातलं. तेव्हापासून ‘कोरोनेशन’ हे नाव चिकटलं ते चिकटलंच. मोत्सार्टने मात्र २४ फेब्रुवारी १७८८ लाच तो आपल्या कृतींच्या यादीत नोंदवला होता आणि पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये ड्रेस्डेनच्या दरबारात वाजवलाही होता. राज्याभिषेकासाठी फ्रँकफुर्टला मोत्सार्ट गेला तो घरातली चांदी गहाण टाकून, स्वखर्चाने; दरबाराच्या ताफ्यात त्याला जागा नव्हती. १५ ऑक्टोबर १७९० ला त्याने तिथे हा कॉन्चेर्टो वाजवला, तेव्हा त्याच्या डाव्या हाताने काय केलं, ते त्याच्याबरोबर गेलं.

हस्तलिखित आज न्यू यॉर्कच्या मॉर्गन लायब्ररीत आहे. संगीत-अभ्यासक अ‍ॅलन टायसन यांच्या प्रस्तावनेसह निघालेली त्याची छायाप्रत माझ्या पियानोवर कायम उघडी असते. जिथे डाव्या हाताला खरोखर अवघड काम आहे तिथे मोत्सार्टने ते नीट लिहून ठेवलंय. कोरं सोडलंय ते सोपं. वाजवणारा तो स्वतःच. कॉर्डचे सुटे स्वर घोळवणारा आल्बेर्ती बेस स्वतःसाठी कोण लिहीत बसेल? आणि त्याने न लिहिलेलं हे सोपंच मला आयुष्यभर पुरलं आहे.

कॉर्ड कोणते, हा प्रश्नच नाही. पियानोने मांडलेली चाल पुढे ऑर्केस्ट्रा उचलतो, तिथे सगळं हार्मनीचं गणित मोत्सार्टच्याच अक्षरात आहे. प्रश्न आहे तो किती, कुठे आणि कुठे नाही. आंद्रे प्रत्येक ठिकाणी काहीतरी भरतो. चूक असं काही सापडत नाही त्यात, पण चालीच्या पायात कोणीतरी वजन बांधल्यासारखं होतं. शिवाय मोत्सार्टचं वाद्य वेगळं. आंटोन वाल्टरने बनवलेल्या त्या पाच सप्तकांच्या पियानोच्या हातोड्यांवर चामडं होतं. खर्जातला दाट रचलेला कॉर्डसुद्धा त्यावर स्वच्छ, मोकळा ऐकू यायचा. तोच कॉर्ड माझ्या ग्रँडवर गढूळ होतो. वर मुंबईच्या पावसाळ्यात वाद्य फुगलेलं असलं की बघायलाच नको.

माझी एक वही आहे. दुसऱ्या भागाचा, म्हणजे लार्गेटोचा, डावा हात मी तिच्यात पुन्हा पुन्हा लिहीत आले. मधला सूर उजव्या हाताला हळूच उत्तर देतो, बेस एक पायरी आधीच खाली सरकतो, अशा जागा. मोत्सार्टची सेवा म्हणून मी हे करते असं सांगत असे. आतून हवं होतं ते वेगळं. मैफलीनंतर कोणा जाणत्याने येऊन विचारावं, हा डावा हात कोणाचा? मी तो प्रश्न ऐकण्यासाठी वाजवत होते. वादक वाण्डा लाण्डोव्स्काच्या या कॉन्चेर्टोच्या १९३७ च्या रेकॉर्डिंगवर तिने स्वतःचं किती घातलं, म्हणून नाकं मुरडणारे भेटतात. मला तिचा हेवा वाटतो. तिने जे केलं ते उघड केलं. आजकाल स्पर्धांसाठी तयार होणारी मुलं बारीक टायपात छापलेले आंद्रेचे स्वरही ठळक टायपाच्याच निष्ठेने घोटतात, परीक्षकांना तेच सुरक्षित वाटतं, आणि या कॉन्चेर्टोला वरवरचा म्हणायला सगळे मोकळे. वरवरचं म्हणता ते आंद्रेचं आहे हो!

आपल्याकडची मंडळी म्हणतात, यात काय विशेष, बंदीश तरी कुठे पूर्ण लिहिलेली असते? मला हे पटत नाही. बंदीश गुरूच्या गळ्यातून शिष्याकडे येते. इथे गळाच हरवला आहे.

गेल्या वर्षी माझ्याकडे एक मुलगा शिकायला आला. लहानपणापासून पेटीवर साथ करणारा. डाव्या हाताची बोटं कच्ची, कारण तो हात सतत भात्यावर. मी त्याला छायाप्रत दाखवली आणि म्हटलं, आंद्रेचं सोडून दे, तुला सुचेल ते वाजव. त्याने चाल सुरू केली. पहिल्या बारला खाली एकच स्वर धरला. मग काहीच नाही. उजव्या हाताचं वाक्य जिथे श्वास घेईल असं वाटलं, त्याच्या जरा आधी दोन स्वरांचा हलका कॉर्ड आला आणि वाक्य पुढे गेलं. मी विचारलं, तिथे का दिलास? म्हणाला, “ताई, तिथे भाता भरून घ्यायला हवा, नाहीतर सूर पडतो.”

माझ्या वहीतली एकही जागा या हिशेबाने लिहिलेली नव्हती. मी हार्मनीच्या बाजूने विचार करत होते, तो सुराच्या दमाच्या बाजूने. मला आनंद झाला असं लिहायला आवडलं असतं. झाला, पण उशिरा. आधी मत्सर वाटला, तोही सतरा वर्षांच्या पोराचा.

आता आमचा वाद आहे तो जिथे तंतुवाद्यं पियानोला साथ करतात त्या ओळींवर. तो म्हणतो, खाली व्हायोला आणि चेलो आहेत, मग डावा हात मांडीवर ठेवायचा. मी म्हणते, त्या काळचा वादक ऑर्केस्ट्राबरोबर बेस धरतच असे, मोत्सार्ट हात मांडीवर ठेवून बसला नसता. तो विचारतो, मग त्याने लिहिलं का नाही? लिहिलं नाही म्हणजे वाजवलं नाही असं नव्हे, हे त्याला मान्य आहे. पण लिहिलं नाही म्हणजे वाजवलंच, हेही तो मला मान्य करू देत नाही. सध्या एका शनिवारी बेस धरून आणि पुढच्या शनिवारी न धरता वाजवतो. बेस धरलेला शनिवार मला जास्त आवडतो, आणि तो माझ्या बाजूचा आहे म्हणून आवडतो की काय, हे मी त्याला अजून विचारू दिलेलं नाही.