ग्राफिक्स गेलं, लॅपटॉप फेकून द्या!

नगरपालिकेची निवडणूक तोंडावर आलेली. दिवसभर उमेदवारांच्या मुलाखती, प्रभागातल्या तुंबलेल्या गटारांचे व्हिडिओ आणि रात्री बसून त्यांचं एडिटिंग. ज्या लॅपटॉपवर हे करतो तो माझ्या भाच्याने 2013 साली इंजिनिअरिंगला असताना गेम खेळायला घेतलेला. नोकरी लागल्यावर त्याने नवा घेतला आणि "मामा, हा तू घेऊन जा" म्हणून तो माझ्याकडे आला. वजनाला वीट आहे नुसती. पण चालत होता.

एका रात्री स्क्रीनवर हिरव्या-गुलाबी रेघा आल्या आणि मग सगळा काळोख.

सकाळी दुकानात नेला. दहा मिनिटांत निकाल लागला. "सर, ग्राफिक्स गेलं. म्हणजे बोर्डच बदलायला लागणार. या मॉडेलचा बोर्ड आता मिळत नाही. फेकून द्या, नवीन घ्या. साठ-सत्तर हजारात चांगला येतो." साठ-सत्तर हजार! तालुक्याच्या गावातला पत्रकार महिन्याला काय कमावतो हे मी इथे लिहीत नाही, तुम्ही समजून घ्या.

तो पोरगा खोटं बोलत नव्हता, हे आधी सांगतो. आजच्या जवळजवळ सगळ्या लॅपटॉपमध्ये ग्राफिक्स चिप थेट मदरबोर्डवर डाखलेली असते. घरच्या कॉम्प्युटरसारखं कार्ड उपसून दुसरं बसवता येत नाही. हॉट एअर गनने चिप तापवून काही दिवस चालवतात, पण ते मरणाऱ्याच्या तोंडात पाणी. महिन्या-दोन महिन्यांत परत तेच.

रात्री भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "मामा, खालचं झाकण काढ आणि फोटो पाठव." पाठवला. पाच मिनिटांनी त्याचा फोन, "अरे, हा एमएक्सएम आहे! कार्ड वेगळं निघतं."

एमएक्सएम म्हणजे लॅपटॉपसाठीचं सुटं ग्राफिक्स कार्ड. तळहाताएवढी पाटी, एका खाचेत तिरकी बसते, वर स्क्रू. त्या काळातल्या जाडजूड गेमिंग लॅपटॉपमध्ये आणि कंपन्यांच्या डिझाइनवाल्या वर्कस्टेशन लॅपटॉपमध्ये हे असायचं. माझ्यात जीटीएक्स 770एम होतं. म्हणजे लॅपटॉप मेला नव्हता, त्याचा एक भाग मेला होता.

पुढचे चार दिवस आम्ही मामा-भाचे फोनवर हेच करत होतो. कोणतं कार्ड घ्यायचं?

पहिला पर्याय, तेच 770एम जुन्या बाजारातून. हमखास बसणार, स्वस्तही. पण ती केप्लर पिढी. या पिढीच्या लॅपटॉप कार्डांचे नियमित ड्रायव्हर एन्व्हिडियाने 2019 मध्येच थांबवले. शिवाय दहा-बारा वर्षं तापलेलं तसलंच कार्ड परत कशाला आणायचं?

दुसरा, क्वाड्रो एम3000एम. कंपन्या भाडेपट्टा संपला की वर्कस्टेशन विकतात, त्यातून अशी कार्डं निघतात. मेमरी 4 जीबी, वीज 75 वॉट, म्हणजे माझ्या जुन्या कार्डाइतकीच. पण माझ्या लॅपटॉपचा बायोस ते ओळखेल का, पंखा नीट फिरेल का, याची खात्री कुणी देईना.

तिसरा, जीटीएक्स 970एम. मॅक्सवेल पिढी, ताकद बरीच जास्त आणि विजेची भूक साधारण तेवढीच. हे महत्त्वाचं. जास्त वॉटचं कार्ड घातलं तर चार्जर आणि हीटसिंक दोन्ही धापा टाकतात. मॅक्सवेललाही 2025 मध्ये नवे गेम ड्रायव्हर बंद झाले, पण सुरक्षेचे अपडेट 2028 पर्यंत मिळणार आहेत. मला तेवढं पुरे.

बाहेरून डेस्कटॉपचं कार्ड जोडायचाही मार्ग होता. पण त्याला वेगळा पॉवर सप्लाय, वेगळी केबल. टेबलावर पसारा, आणि उचलून मतमोजणी केंद्रावर न्यायची सोय नाही.

970एम ठरलं. भाच्याने मुंबईत लॅमिंग्टन रोडवर शोधलं. दुकानदाराला चालू मशीनमध्ये लावून दाखवायला लावलं, अर्धा तास लोड टाकून. साडेआठ हजार. हीटसिंकची भोकं जुळतात का, हे पाटीचा फोटो शेजारी ठेवून आधीच तपासलं होतं.

रविवारी तो गावी आला. जुनी वाळलेली पेस्ट पुसली, नवी लावली, थर्मल पॅड बदलले. लॅपटॉप सुरू झाला, पण ड्रायव्हर बसेना. "सुसंगत हार्डवेअर नाही" म्हणे, कारण या मॉडेलमध्ये हे कार्ड कंपनीने कधी विकलंच नव्हतं. ड्रायव्हरच्या फाइलमध्ये एक ओळ घालून त्याला समजावण्यात दीड तास गेला. मग चालला. ही पोस्ट त्याच्यावरच टाइप करतोय.

आता मुद्द्याचं. माझा लॅपटॉप वाचला तो माझ्या हुशारीने नाही. 2013 मध्ये कुणीतरी कार्ड सुटं ठेवलं होतं म्हणून वाचला. आज सत्तर हजार देऊन नवा घेतला असता तर त्यात ही सोय बहुतेक नसतीच. आणि ते मला खोक्यावर कुठेच लिहिलेलं दिसलं नसतं. फ्रिजवर तारे असतात, वीज किती खाईल ते कळतं. लॅपटॉप उघडून दुरुस्त होईल का, हे सांगणारा तारा नाही.

फ्रान्समध्ये 2021 पासून लॅपटॉपवर दुरुस्तीचे दहापैकी गुण छापावे लागतात. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, पोर्टल काढलं. मे 2025 मध्ये दुरुस्ती निर्देशांकाचा अहवालही सादर झाला, पण त्यात सुरुवात स्मार्टफोन आणि टॅबलेटपासून सुचवली आहे. लॅपटॉप रांगेत मागे.

चिप डाखण्याची कारणं आहेत, मान्य. मशीन पातळ होतं, स्वस्त होतं. सुटी कार्डंही महाग आणि एकमेकांशी न जुळणारी होती, ते मी भोगलंय. पण मग विकताना तसं सांगा ना! पातळ हवा की दुरुस्त होणारा, हे गिऱ्हाईक ठरवेल.

तोवर एवढंच करा. घेण्याआधी दुकानात विचारा, रॅम बदलता येते का, एसएसडी, बॅटरी, ग्राफिक्स? उत्तर लिहून मागा. आणि जुन्याला "फेकून द्या" म्हटलं तर घरी आणून आधी खालचं झाकण उघडून बघा. बॅटरी काढून मगच, तेवढं लक्षात ठेवा.