आईच्या चालीने लालबाग

पुण्याच्या ऑफिसात मी "लालबागला जातोय" म्हटलं की समोरचा विचारतो, "राजाच्या दर्शनाला का?" बंगळूरचा कुणी असला तर त्याला तिथल्या बागेतलं फुलांचं प्रदर्शन आठवतं. आमचं लालबाग तिसरंच. मध्य प्रदेशातल्या बुऱ्हाणपूरचं रेल्वे स्टेशन ज्या वस्तीत आहे, ते. मूळ शहर तापीच्या काठी, इथून तीन-चार किलोमीटरवर. पुण्याहून संध्याकाळी झेलम पकडली की रात्रीच्या अंधारातच गाडी इथे उतरवते. स्टेशनबाहेर पाऊल टाकलं की आलंच लालबाग. अब्दुर्रहीम खानखानाने इथे बाग फुलवली होती असं सांगतात. बाग गेली, नाव राहिलं.

आमच्या घरात मराठी आणि दारात हिंदी. बाबा ताप्ती मिलच्या ऑफिसातून निवृत्त झाले. मार्च 2020 च्या लॉकडाऊनमध्ये मिल थांबली, पण त्यांचं अर्धं बोलणं अजून तिथलंच असतं. आई प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. तीस वर्षं ती लालबागेतून पायी शाळेत गेली, त्यामुळे इथल्या प्रत्येक गल्लीत तिला "मॅडम" म्हणणारा कुणीतरी आहे. हे सांगायचं कारण, आमच्या गावाची ओळख मला तिच्या पायांनी झाली. गेल्या दिवाळीनंतर, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, तिचा उजवा गुडघा बदलला आणि ती ओळख मला पुन्हा नव्याने करून घ्यावी लागली.

ऑपरेशनला ती तयार झाली त्याचं श्रेय बाबांच्या एका गोष्टीला आहे. वाजपेयी पंतप्रधान असताना 2000 साली त्यांचा डावा आणि 2001 साली उजवा गुडघा मुंबईच्या ब्रीच कँडी हॉस्पिटलमध्ये बदलला. ते करणारे डॉ. चित्तरंजन राणावत न्यूयॉर्कचे, पण डॉक्टरी शिकले आपल्या इंदूरला. 1970 च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये आजच्या कृत्रिम गुडघ्याचा जो मूळ आराखडा तयार झाला, त्यात जॉन इन्सॉल यांच्याबरोबर त्यांचाही वाटा होता. "आपल्या मध्य प्रदेशच्या माणसाने काढलेली वस्तू आहे," हे बाबांनी इतक्यांदा सांगितलं की आई शेवटी म्हणाली, "बसवा बाई, पण गोष्ट थांबवा." खर्चाची बाजूही थोडी सोपी झाली होती. ऑगस्ट 2017 मध्ये सरकारने गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतींवर मर्यादा घातली, त्याआधी आमच्यासारख्या घरात हा विषय नुसता बोलण्यापुरता असायचा.

ऑपरेशन जळगावला झालं आणि उत्तम झालं. दुसऱ्या दिवशी ती वॉकर धरून उभी राहिली, दोन आठवड्यांनी टाके निघाले, दीड महिन्यात वॉकर जाऊन काठी आली. दवाखान्यातून मिळालेल्या कागदावर सगळं आठवड्यांच्या हिशेबात लिहिलेलं होतं आणि सहाव्या आठवड्याला तो कागद संपत होता. मी आणि बाबांनी त्याचा अर्थ लावला की दुखणंही तिथेच संपतं. आमची मोठी चूक इथे झाली.

मी पडलो सॉफ्टवेअरवाला. मॅनेजरकडून घरून काम करायची परवानगी घेतली आणि लालबागच्या घरात बसून पहिलं काम काय केलं, तर 'आईचा गुडघा' नावाची एक्सेल शीट उघडली. गुडघा किती अंश वाकतो, किती पावलं चालली, बर्फाचा शेक किती वेळ दिला, आणि शेवटचा रकाना म्हणजे दुखणं, शून्य ते दहा. फिजिओथेरपिस्ट ताईंनीच तो आकडा विचारायला सांगितला होता. मी रोज रात्री विचारायचो, आई रोज सांगायची, "तीन." डिसेंबरभर तीन. आलेख अगदी सपाट. मी खूश. पुण्याच्या मित्रांना स्क्रीनशॉटसुद्धा पाठवले, आता आठवलं की लाज वाटते.

त्या दिवसांत लालबागची अंतरं वेगळ्या मापात आली. घर ते कोपऱ्यावरचं किराणा दुकान, म्हणजे विजेचे चार खांब. किराणा ते चहाची टपरी आणखी तीन. स्टेशनसमोरच्या रिक्षा उभ्या राहतात तिथवर गेलं की मोहीम फत्ते. केळीचे ट्रक बाजूने गेले की आम्ही थांबायचो. ट्रकसाठी थांबलोय असं दाखवायचं, थांबायचं मात्र गुडघ्यासाठी. रस्त्याला इतका उतार आहे, हे मी त्या गल्लीत लहानाचा मोठा होऊनही मला माहीत नव्हतं. आईला पहिल्या दिवशीच कळलं. पायऱ्यांचा नियम ताईंनी शिकवला होता. चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी. आईने तो शाळेतल्या पाढ्यासारखा पाठ केला आणि दर पायरीला मोठ्याने म्हणायची. रस्त्यावरच्या पोरांचाही पाठ झाला.

संक्रांतीला आमच्याकडे हळदीकुंकू असतं. घरात सतरंजी अंथरली, वीस-पंचवीस बायका आल्या, सगळ्या खाली आणि आई एकटी खुर्चीवर. वाण देताना तिला प्रत्येकीपुढे वाकता येईना, तेव्हा बायकाच उठून तिच्यापर्यंत आल्या. सगळं हसतखेळत झालं. रात्री मी शीट उघडून आकडा विचारला. आईने "तीन" म्हटलं आणि रडू लागली.

मग हळूहळू बाहेर आलं. तीन कधीच नव्हतं. सकाळी पाच, संध्याकाळी सहा, कधी रात्री दोन वाजता सात. कूस बदलली की जाग यायची. खुर्चीतून उठताना पहिली चार पावलं गुडघा गंजलेल्या बिजागरीसारखा धरायचा, मग सुटायचा. व्रणाच्या बाहेरच्या अंगाला हाताएवढी जागा बधिर होती, "माझी कातडी नसल्यासारखी." चालताना आतून टक् टक् आवाज यायचा. आणि गुडघा डाव्यापेक्षा नेहमी गरम. "मग तीन का सांगायचीस?" मी विचारलं. ती म्हणाली, "चार म्हटलं होतं एकदा. तुझा चेहरा बघितला. रजा काढून बसलायस इथे, म्हटलं कशाला." बाबांना काही बोलावं तर "आता वय झालं" हे एक वाक्य ठरलेलं, आणि शेजारच्या काकूंना बोलावं तर "ऑपरेशन बिघडलं वाटतं." मधलं काही ऐकायला घरात कुणी नव्हतंच.

खरं तर ती जे सांगत होती ते बहुतेक सगळं अपेक्षित होतं. हे मला तेव्हा माहीत असतं तर तिचे दोन महिने एकटेपणात गेले नसते, म्हणून इथे सविस्तर लिहितो. कृत्रिम गुडघा बसवताना हाडाची झिजलेली टोकं कापतात, भोवतालचे स्नायू आणि पडदे हलवतात. टाके दोन आठवड्यांत निघतात, पण आतलं सगळं सावरायला सहा महिने ते वर्षही लागतं. संध्याकाळी सूज वाढणं, गुडघा गरम लागणं, बसून उठल्यावर आखडणं, रात्रीची झोपमोड, हे सगळं तोवर कमी-जास्त होत राहतं. व्रणाच्या बाहेरची बधिरता येते, कारण त्वचेकडे जाणारी एक बारीक नस चिरेच्या वाटेतच असते. ती जागा महिन्यांनी लहान होत जाते, काहींची थोडी कायमची राहते. टक् टक् म्हणजे धातू आणि प्लास्टिक एकमेकांना लागल्याचा आवाज, वेदना नसेल तर त्याची काळजी नाही. आणि हेही खरं की वर्षानंतरसुद्धा साधारण पाचांतला एक जण पूर्ण समाधानी नसतो. हे ऐकायला बरं वाटत नाही, पण आधी ऐकलेलं बरं.

फेब्रुवारीत आमचीही परीक्षा झाली. मावशी परत निघाली, तिला सोडायला आई स्टेशनवर आली आणि आमचं लक्ष नसताना पादचारी पूल चढून पलीकडच्या फलाटावर पोहोचली. तिथे उभी राहून हात हलवत होती, चेहरा बघण्यासारखा. रात्री गुडघा टम्म फुगला, हात ठेववेना इतका गरम. मी मोबाईलवर शोधत बसलो आणि तासाभरात स्वतःला पुरता घाबरवून घेतलं. सकाळी पहिल्या गाडीने जळगाव.

सर्जननी आधी ताप मोजला, व्रण बघितला, पोटरी दाबून बघितली. मग एक्स-रे आणि रक्ताच्या दोन तपासण्या, सीआरपी आणि ईएसआर. जंतुसंसर्ग आहे का याचा अंदाज त्यावरून येतो. सगळं ठीक निघालं. पूल झेपला नव्हता, एवढंच. पण आलात ते बरोबर केलंत, असं त्यांनी दोनदा सांगितलं. ताप-थंडी, व्रणातून पाणी किंवा पू, वाढत जाणारी लाली, पोटरीला सूज आणि दुखणं, बरं होत आलेला गुडघा अचानक जास्त दुखू लागणं, यांपैकी काहीही दिसलं तर घरी बसून वाट बघायची नाही. श्वास लागला किंवा छातीत दुखलं तर सरळ जवळचं मोठं हॉस्पिटल. बाकीच्या दुखण्यासाठी त्यांनी एक हिशेब दिला. आजची तुलना कालशी करायची नाही, गेल्या महिन्याच्या याच आठवड्याशी करायची.

त्यांनी आणखी एक विचारलं. रात्री गुडघ्याखाली उशी घेता का? घेत होती. बरं वाटतं म्हणून मीच तर देत होतो! त्याने गुडघा अर्धवट वाकलेला राहतो आणि पुढे पूर्ण सरळ होत नाही. उशी घ्यायचीच तर टाचेखाली. घरी आल्यावर मी शीटमधला आकड्याचा रकाना काढून टाकला. आईने स्वतःची वही केली, शाळेची, दोन रेघी. त्यात ती तिच्या शब्दांत लिहिते. "पहाटे धरला. भाकरी थापताना उभी राहिले, दोन झाल्या, मग ह्यांना हाक मारली." बाबा आता भाकरी भाजतात. फुगत नाहीत, पण भाजतात.

मार्चच्या सुरुवातीला, ऊन चढायच्या आधी, आई म्हणाली, "कुंडी भंडाऱ्याला जाऊ." बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, लालबागच्या अंगाला जमिनीखाली ही जुनी पाणीयोजना आहे. 1615 साली खानखानाच्या काळात, तबकुतुल अर्ज नावाच्या इराणी जाणकाराने आखलेली. सातपुड्यातून झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून नुसत्या उताराने शहरातल्या जाली करंजपर्यंत न्यायचं, ना रहाट ना पंप. बोगद्यावर थोड्या थोड्या अंतराने शंभराहून जास्त कुंड्या, म्हणजे विहिरीसारखी गोल तोंडं, एका रांगेत. 2024 मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत याचं नाव गेलं, तेव्हा लालबागेत पेढे वाटले नाहीत, पण वाटायला हवे होते. खाली उतरायला लिफ्ट आहे. शाळेच्या सहलीत आई दरवर्षी पोरांना घेऊन तिथे जायची. आत भिंतींवर पाण्यातल्या चुन्याचे पांढरे थर चढलेत, चारशे वर्षांचे. ऑपरेशनआधीच्या एक्स-रेमध्ये तिच्या गुडघ्याच्या कडेला वाढलेलं हाड बघून ती डॉक्टरांना म्हणाली होती, "आमच्या भंडाऱ्यासारखं झालंय की हे." जळगावच्या डॉक्टरांना काही कळलं नाही.

लिफ्टने खाली जायचं नाही, हे तिनेच ठरवलं. खालची जमीन ओली. मला म्हणाली, तू जा. मी नाही गेलो. आम्ही वरूनच कुंड्यांच्या रांगेने चालत निघालो. जमीन खडबडीत, काठी दोनदा घसरली, मी हात पुढे केला आणि मागे घेतला, कारण ती मागत नव्हती. एका कुंडीपाशी पोचलं की कठड्याला हात टेकायचा, श्वास घ्यायचा, पुढची बघायची. खालून गार हवा येते, ती चेहऱ्यावर घ्यायची. मधे एक मेंढपाळ भेटला, तो तिचा विद्यार्थी निघाला. त्याला तिने सातचा पाढा विचारला. त्याने सोळाव्या वर्षी सोडलेली शाळा अशी उघड्यावर भेटेल असं त्याला वाटलं नसणार.

डाव्या गुडघ्याचं काय, हे मी वाटेत विचारलं. तोही झिजलाय, एक्स-रेमध्ये दिसतो. "वर्ष होऊ दे ह्याला," ती उजव्यावर हात ठेवत म्हणाली, "मग ह्यालाच विचारू."

सातव्या कुंडीला ती थांबली आणि परत फिरू म्हणाली. जायला सात, यायला सात, तिने आधीच मोजून ठेवलं होतं. रिक्षात बसल्यावर उजवा पाय लांब केला, गुडघ्यावर तळहात ठेवला आणि बराच वेळ काही बोलली नाही. मीही विचारलं नाही. स्टेशनचा चौक आला तेव्हा ती म्हणाली, "आत्ता पाच आहे. संध्याकाळी सहा होईल. घरी गेल्यावर आधी बर्फ काढ."