तीन चाकं आणि माझा डावा पाय



गेली सतरा वर्षं मी विज्ञान शिकवतो. गुरुत्वमध्य, तोल, अभिकेंद्री बल, हे फळ्यावर किती वेळा काढलं याची गणती नाही. आणि तरीही मे महिन्याच्या सुट्टीत न्यू जर्सीला दादाकडे गेलो असताना, तिथल्या गोल्फच्या मैदानावर विजेच्या तीनचाकी सायकलवरून पडलो आणि डाव्या पायाला प्लॅस्टर घालून परत आलो. शाळेत ज्यानं त्यानं एकच प्रश्न विचारला, "सर, तीन चाकांवरून कसं काय पडलात?"

तर ऐका.

दादाच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालीत. गोल्फचा पूर्ण डाव म्हणजे सात-आठ किलोमीटरची चाल, ती त्याला झेपत नाही. म्हणून त्यानं ही गाडी घेतली. पुढे एक चाक, मागे दोन, मागच्या टोपलीत गोल्फच्या काठ्यांची पिशवी, आणि उजव्या अंगठ्यानं दाबायचा ॲक्सिलरेटर. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, आधी पार्किंगमध्ये दोन चकरा मारा." मी हसलो. चाळीस वर्षं सायकल आणि लुना चालवलेला माणूस मी, मला तीन चाकांचं काय शिकवता!

सकाळची वेळ होती, गवत दवानं ओलं. एका उंचवट्याच्या कडेनं आडवा चाललो होतो. उतार डावीकडे होता. पक्की वाट उजवीकडे वर दिसली म्हणून हँडल उजवीकडे वळवलं. उजवं मागचं चाक उचललं गेलं. आणि माझ्या डाव्या पायानं सायकलवर जे आयुष्यभर केलं तेच केलं. तो जमिनीवर टेकला. अंगठा मात्र ॲक्सिलरेटरवरच होता. मागचं डावं चाक थेट घोट्यावर चढलं.

या एका क्षणात दोन चुका आहेत आणि दोन्ही सायकलनं लावलेल्या सवयींच्या आहेत. सायकल वळताना आपण तिच्यासकट आत झुकतो. तीनचाकी झुकत नाही, ती ताठच राहते आणि बाहेरच्या बाजूला कलंडू पाहते. म्हणून झुकायचं ते आपण, कमरेपासून वर, वळणाच्या आतल्या बाजूला. दुसरी गोष्ट पायाची. सायकलवर पाय टेकला की आपण वाचतो. इथे पायाच्या बरोबर मागून चाक येत असतं. काहीही झालं तरी पाय फूटबोर्डवरच ठेवायचे.

आता थोडं गणित करू, नववी-दहावीच्या शिक्षकांना हे वर्गात वापरता येईल. मागच्या चाकांमधलं अंतर ७० सेंटीमीटर धरा आणि माणसासकट गुरुत्वमध्याची उंची ७५ सेंटीमीटर. चार चाकं असती तर गुरुत्वमध्यापासून कलंडायच्या रेषेपर्यंत ३५ सेंटीमीटर मिळाले असते. पण तीन चाकांचा पाया त्रिकोणी असतो आणि पुढे निमुळता होत जातो. गुरुत्वमध्य मागच्या आसापासून एक तृतीयांश पुढे असेल तर तिथे बाजूला उरतात जेमतेम २३ सेंटीमीटर. सपाट जमिनीवर ३ मीटर त्रिज्येचं वळण घेताना चारचाकी साधारण ताशी १३ किलोमीटरपर्यंत टिकेल, तीनचाकी ११ पर्यंत. फरक फार वाटत नाही ना? आता माझ्यासारखं १० अंशांच्या उतारावर आडवं जाऊन वरच्या बाजूला वळा. मर्यादा येते ताशी ७ वर! म्हणजे चालण्यापेक्षा थोडीशी जास्त. मला वाटत होतं मी अगदी हळू चाललोय.

अमेरिकेनं हा धडा पूर्वी एकदा घेतलेला आहे. तिथे जाड टायरांच्या, पेट्रोलवर चालणाऱ्या तीनचाकी गाड्या रानवाटांवर फिरवायची फार हौस होती. अपघात इतके झाले की १९८८ मध्ये सरकारशी झालेल्या समझोत्यानुसार कंपन्यांनी नव्या तीनचाकींची विक्री बंद केली, चारचाकी चालू ठेवल्या.

पाय खुर्चीवर ठेवून मी हे सगळं वहीत मांडत होतो तेव्हा आतल्या खोलीत वेगळाच वाद चालला होता. वहिनींना गाडी विकून टाकायची होती. दादा म्हणाला, "विक. मग मी रोज सकाळी सोफ्यावर बसून खिडकीतून बघतो." घरात कोणी बोलेना. खरं सांगू, मलाही आधी वहिनींचंच पटलं होतं. आपण शिक्षक-पालक तरी काय करतो? पोरगं पडलं की सायकल माळ्यावर. पण दादाचा चेहरा बघून मी म्हटलं, वहिनी, मला चार दिवस द्या.

रविवारी रिकाम्या पार्किंगमध्ये पाण्याच्या बाटल्या मांडून दादानं तासभर वळणं घेतली. ब्रेक वळणाच्या आधी, वळणात नाही. मग मैदानावर. उतार असेल तर सरळ वर किंवा सरळ खाली, आडवं कधीच नाही. चढाला मात्र पुढं वाकून बसायचं, कारण मागच्या पिशवीच्या वजनानं पुढचं चाक हलकं होतं. पक्क्या वाटेनं चेंडूच्या समोरपर्यंत जायचं आणि तिथून काटकोनात गवतात शिरायचं. यात गवत वाचतं आणि उतारावरची तिरकी धावही टळते. दव वाळेपर्यंत वाट सोडायची नाही. उतरताना किल्ली आधी बंद, नाहीतर हँडलचा आधार घेताना अंगठा दाबला जातो आणि गाडी तुम्हाला सोडून निघते! आणि विजेच्या गाडीला आवाज नसतो. काठी फिरवणाऱ्याला तुम्ही मागे आलात हे कळतच नाही, म्हणून तो मारून होईपर्यंत लांब थांबायचं. कुणी "फोर!" ओरडलं तर वळून बघायचं नाही, डोकं हातांनी झाकून खाली वाकायचं.

वहिनींनी गाडी विकली नाही. पण किल्ली त्यांच्या पर्समध्ये असते, आणि गवत वाळल्याशिवाय ती मिळत नाही.

जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर कुबडी घेऊनच नववीत गेलो. एका त्रिकोणी पाटाला खालून तीन बुचं चिकटवली, वर पाण्यानं भरलेली बाटली ठेवली आणि पाट बाजूला कलता करत कोनमापकानं कोन मोजायला लावलं. बाटली दोन बुचांच्या बाजूला असली तर बराच वेळ टिकते. एका बुचाकडे सरकवली की लगेच कलंडते. दोन-तीनदा करून झाल्यावर मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, आमच्या रिक्षात काका पुढे त्यांच्या दोन्ही बाजूंना तिघांना बसवतात."

हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. गाडी आपलीही तीनचाकीच. पोरं निमुळत्या टोकाकडे, आणि दप्तरं बाहेर लटकवलेली.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर फाटकापाशी थांबलो आणि काकांना पाट दाखवला. त्यांनी स्वतः बाटली सरकवून पाहिली, मान डोलावली आणि म्हणाले, "कळतंय सर. पण तीन पोरं कमी केली तर गाडीचा हप्ता कोण भरणार? पालक पन्नास रुपये वाढवून देत नाहीत." दप्तरं मात्र दुसऱ्या दिवसापासून आत, मागच्या सीटखाली गेली. पुढची तीन पोरं तीन दिवस दिसली नाहीत, चौथ्या दिवशी दोन पुन्हा होती.

येत्या शनिवारी पालकसभा आहे. पाट आणि बाटली घेऊन जाणार आहे, काकांनाही बोलावलंय.