नंबर नसलेली यादी

नेपरव्हिल, ३ एप्रिल

चि. वैशाली,


काल फोनवर तू तीनदा विचारलंस, "दादा, कॉलेजच्या वेटिंग लिस्टवर मिहिकाचा नंबर कितवा असेल?" तेव्हाच सांगायला हवं होतं, पण तुझा आवाज रडवेला झाला होता. म्हणून आज लिहितोय.

नंबर बहुधा नसतोच. आपल्या डोक्यात वेटिंग लिस्ट म्हणजे महालक्ष्मी एक्सप्रेस. डब्याला चिकटवलेल्या चार्टवरून आई बोट फिरवायची. पुढचे गळले की आपण वर सरकायचो. इथल्या बहुतेक कॉलेजांची यादी तशी सरकत नाही. प्रवेश मिळालेली मुलं १ मेपर्यंत होय-नाही कळवतात आणि मग कॉलेज बघतं, जागा कुठे उरल्या. इंजिनिअरिंग भरलं आणि इतिहासाला मुलं कमी पडली, तर इतिहासवाल्यांना बोलावणं जातं. एखाद्या वर्षी कुणालाच जात नाही. यात मिहिकाची लायकी ठरत नाही, हे आधी तिला सांग.

बरीच कॉलेजं दरवर्षी 'कॉमन डेटा सेट' प्रसिद्ध करतात. त्याच्या 'सी२' भागात यादीत किती जणांना ठेवलं, किती थांबले आणि किती घेतले, हे तीन आकडे असतात. मागच्या चार-पाच वर्षांचे काढून बघ, म्हणजे आशा किती धरायची ते कळेल.

थांबायचं असेल तर तसं कळवावं लागतं. ते कळवल्यावर एक पानी पत्र, आणि ते मिहिकानं लिहायचं, तू नाही. अर्ज केल्यानंतर नवं काय घडलं तेवढंच. 'जागा दिलीत तर नक्की येईन' हे वाक्य खरं असेल तरच घालावं. कॉलेजनं 'काही पाठवू नका' म्हटलं असेल तर पाठवायचं नाही. आणि तुझ्या ओळखीतल्या त्या प्राध्यापकांना फोन करू नकोस. वशिल्यानं काही होत नाही, मुलीला मात्र वाटतं की आईचा आपल्यावर भरवसा नाही.

आता आमची चूक सांगतो. आमच्या लेकाला असंच ताटकळत ठेवलं होतं. दुसऱ्या कॉलेजची अनामत वेळेत भरली, पण मन तिकडे नव्हतंच. त्यांचा स्वेटशर्ट लेबलसकट कपाटात पडून राहिला. हॉस्टेलचा अर्ज भरायला मीच 'थांब जरा' म्हणत राहिलो. जूनच्या शेवटी दोन ओळींचा नकार आला, तोवर चांगल्या खोल्या संपल्या होत्या. पहिलं सत्र त्यानं वसतिगृहाच्या टोकाच्या खोलीत, जवळजवळ एकट्यानं काढलं. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून, ज्या कॉलेजनं तिला घेतलंय तिथे १ मेच्या आत पैसे भर. यादीतून बोलावणं आलं तर ती अनामत बहुधा परत मिळत नाही, ते सोसायचं. पण खोली, वर्ग, ओरिएंटेशन, सगळं तिथलंच पक्कं कर आणि तिला घेऊन एकदा तिथे जाऊन ये. शिवाय यादीतल्या मुलांसाठी आर्थिक मदत उरते का, हे तिला वेटिंग लिस्टवर ठेवलेल्या कॉलेजला आत्ताच विचार. बऱ्याच ठिकाणी फारशी उरत नाही आणि उत्तर द्यायला दिवस थोडे देतात. कर्जाचा आकडा त्या घाईत ठरवू नका.

पत्राचा मसुदा झाला की शुक्रवारी रात्री मिहिकाला मला फोन करायला सांग. मी जागा असेन.

तुझा,
दादा